निधी तर येतोच, मग घरपट्टीसाठी वैर कशाला?

वाचकाचा प्रश्न (नाव-गाव गाळून, थोडक्यात) : पत्रलेखिका तीन हजार वस्तीच्या गावच्या सरपंच आहेत. थेट जनतेतून निवडून आल्या, कार्यकाळ निम्मा सरला. मागची बाकी धरून घरपट्टी-पाणीपट्टीची मागणी साडेनऊ लाखांची, वसूल झाले जेमतेम तीन लाख. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार चार महिने थकलाय. ग्रामपंचायत अधिकारी म्हणाले, जप्तीच्या नोटिसा काढू. उपसरपंच म्हणाले, "वित्त आयोगाचे पैसे येतात, त्यात गटारं होतात, रस्ता होतो. चार-दोन लाखांसाठी गाव अंगावर कशाला घेता?" एका सदस्याने तर भीती घातली, की वसुली जास्त दिसली तर गाव सधन ठरेल आणि निधी कापला जाईल. ताई लिहितात, "केंद्राच्या पैशाने लोकही आळशी झालेत आणि आम्हीही. हा निधीच बंद व्हावा असं कधीकधी वाटतं. पण तो बंद झाला तर गाव चालवू कशावर? नोटिसा काढू की नको?"

सरपंचताई,

आधी त्या सदस्यांची भीती बाजूला काढू, ती सगळ्यात लवकर निघण्यासारखी आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी १५ व्या वित्त आयोगाने (केंद्राचा पैसा राज्यांना आणि गावा-शहरांना कसा वाटायचा हे सुचवणारा आयोग) राज्याराज्यांत पैसे वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येला दिला आणि १० टक्के क्षेत्रफळाला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ८० टक्के ग्रामपंचायतींना, उरलेले निम्मे-निम्मे पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. या हिशेबात तुमच्या नमुना ९ ला, म्हणजे कराच्या मागणीच्या नोंदवहीला, कुठेही जागा नव्हती. वसुली तीन लाख झाली काय आणि नऊ लाख झाली काय, तुमचा हप्ता तेवढाच राहायचा. गावाची तूट बघून ती भरून देणारं अनुदान असतं तर सदस्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. तिथे जो जास्त वसूल करतो त्याचं नुकसान होतं आणि हात बांधून बसणं हाच शहाणपणा ठरतो. आपल्याकडचा निधी त्या जातीचा नाही.

उलट आयोगांनी जेव्हा जेव्हा वसुलीची अट घातली, तेव्हा ती वसुली करणाऱ्याच्या बाजूने घातली. २०१५ ते २०२० च्या १४ व्या आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला १० टक्के हिस्सा परफॉर्मन्स ग्रँट, म्हणजे कामगिरी बघून द्यायचं अनुदान, म्हणून वेगळा काढला होता आणि तो मिळायला दोन गोष्टी लागत होत्या : लेखापरीक्षण झालेले हिशेब आणि स्वउत्पन्नात वाढ. १५ व्या आयोगाने शहरांना सांगितलं, की मालमत्ता कराचा किमान दर राज्याने अधिसूचित केला पाहिजे आणि वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वेगाने वाढली पाहिजे, तरच पैसे. गावांना मात्र ही अट लावली नाही. मला विचाराल तर हे चुकलंच. नगरपालिकेला जमेल आणि मोठ्या ग्रामपंचायतीला जमणार नाही, असं त्यात काही नव्हतं. आता १६ व्या आयोगाचा काळ २०२६-२७ ते २०३०-३१ असा आहे. त्याचा शासन निर्णय हातात आला की रक्कम किती हे बघण्याआधी स्वउत्पन्नाबद्दल त्यात काय म्हटलंय ते वाचा, आणि त्या सदस्यांना मासिक सभेत तेच पान वाचायला द्या.

आता आळसाचं. तुमचं निदान ऐकायला पटतं, आणि त्याला आकड्यांचा आधारही सापडतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतींच्या अर्थकारणावर अहवाल काढला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये देशातल्या सरासरी पंचायतीला स्वतःच्या करांतून मिळाले सुमारे २१ हजार रुपये, करेतर उत्पन्नातून ७३ हजार. केंद्राकडून आले साधारण १७ लाख आणि राज्याकडून सव्वातीन लाख. म्हणजे शंभर रुपयांत कराचा जेमतेम एक रुपया. (ही देशाची सरासरी आहे. तुमची तीन लाखांची वसुली त्यापुढे श्रीमंतीच म्हणायची, पण उपसरपंचांना हे सांगू नका.)

हे वाचून कुणीही म्हणेल, एवढं आयतं येत असेल तर कर कोण मागेल? पण थोडं थांबा. आयतं येतं म्हणून कर कमी, की कर कमी म्हणून वरून द्यावं लागतं? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना दर्जा दिला, पण कोणते कर लावायचे हे ठरवायचा अधिकार कलम २४३-एच ने राज्यांकडे ठेवला. राज्यांनी दिलं काय, तर घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी, बाजार फी. वाढणारे कर सगळे वर : आयकर केंद्राकडे, जीएसटी केंद्र आणि राज्यात वाटलेला, जमीन महसूलही राज्याचा. तुमच्या गावातला माणूस साबण घेतो, मोबाइलचं रिचार्ज मारतो, त्यावर कर भरतोच. तो वर जातो आणि त्यातला काही भाग वित्त आयोगाच्या वाटेने गावात परत येतो. त्यामुळे "केंद्राचा पैसा" म्हणजे कुणीतरी केलेला दानधर्म, ही समजूत मनातून काढा. हा निधी बंद व्हावा असं तुम्हाला वाटतं ते वैतागाने, हे मी समजू शकतो. पण तो बंद झाल्याने घरपट्टी वाढत नाही. गटार तेवढं राहून जातं.

बाहेरच्या देशांतही या प्रश्नाचं एकच एक उत्तर मिळालेलं नाही. जर्मनीतल्या नगरपालिकांवरच्या संशोधनात दिसलं, की तिथल्या समानीकरण अनुदानाचं (श्रीमंत-गरीब संस्थांमधली दरी कमी करणाऱ्या अनुदानाचं) सूत्र असं आहे की करदर वाढवायला संस्थांना उलट बळ मिळतं. ब्राझीलमधल्या नगरपालिकांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला तुमच्या दृष्टीने जास्त कामाचा वाटतो. तिथे करवसुली सुधारून आलेल्या पैशातून शाळांच्या इमारती आणि सोयी वाढलेल्या दिसल्या, आणि वरून आलेल्या अनुदानातून तसं काही दिसलं नाही. रुपया दोन्हीकडे सारखाच. पण ज्याने पावती फाडून पैसे दिलेत तो येऊन विचारतो, माझ्या पैशाचं काय केलं? अनुदानाबद्दल विचारायला कुणाला आपलं काही गेलंय असं वाटत नाही.

मग निधी सूत्राने ठरणारा, वसुलीशी संबंध नसलेला, तरी वसुली का घसरते? माझं मत सांगतो. निधी मागायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. डिजिटल सही (डीएससी) लावली, ऑनलाइन पेमेंट झालं. घरपट्टी मागायला मात्र ज्याने मत दिलं त्याच्याच ओट्यावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि तो कधी चुलतभाऊ असतो, कधी पॅनलचा माणूस. कर मागण्याचा सगळा वाईटपणा सरपंचाच्या वाट्याला येतो. निधी आला की तो वाईटपणा पुढे ढकलायची सोय होते, एवढंच. आळस हा शब्द तुम्ही वापरलात, मला तो टाळाटाळ वाटते. फरक महत्त्वाचा आहे, कारण टाळाटाळ कुणाच्या बाबतीत चालली आहे हे शोधता येतं.

ते शोधायला नमुना ९ घेऊन एकदा निवांत बसा. बरोबर ग्रामपंचायत अधिकारी आणि वसुली करणारा शिपाई, बस्स. थकबाकीची नावं मोठ्या रकमेपासून खाली लावा. साडेसहा लाखांची बाकी सगळ्या गावाने थोडीथोडी ठेवलेली असेल असं पत्रातून वाटतं. पण थकबाकीच्या याद्या सहसा तशा नसतात. वरच्या पानावर मंगल कार्यालय असतं, मोबाइल टॉवर असतो, वीटभट्टी असते, पुण्या-मुंबईला राहणाऱ्यांची कुलूपबंद घरं असतात, वाटण्या न झालेल्या मयत मालकांची नावं असतात. आणि सांगायला संकोच वाटतो, पण आजी-माजी सदस्यही असतात. खाली खूप नावं आणि रक्कम किरकोळ. वरची वीस-पंचवीस नावं मिळून निम्म्याहून जास्त बाकी निघाली, तर "गाव अंगावर येईल" या वाक्याचा अर्थच बदलतो. मग अंगावर येणारं गाव नसतं, वीस-पंचवीस माणसं असतात. आणि त्यांच्यातले काही उपसरपंचांच्या बैठकीतले निघाले, तर त्यांच्या सल्ल्याचं मूळही कळेल.

सुरुवात सदस्यांपासून करा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ह) प्रमाणे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. ही तलवार कुणाच्या डोक्यावर धरू नका. तुमच्यासकट सगळ्यांची बिलं एकाच दिवशी बजावा, पोच घ्या आणि पहिली पावती स्वतःची फाडा. सदस्यांच्या पावत्या झाल्याशिवाय गावात एकही नोटीस निघता कामा नये. नाहीतर पहिल्याच घरी "आधी त्यांचं बघा" हे ऐकावं लागेल, आणि ते बरोबरच असेल.

टॉवर, मंगल कार्यालय, भट्टी यांच्याबाबत हात आखडू नका. कलम १२९ चा क्रम ठरलेला आहे : बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालमत्तेच्या जप्तीचं वॉरंट. एकही पायरी गाळू नका आणि प्रत्येक पायरीची पोच फाइलला लावा. बहुतेक प्रकरणं इथे फसतात, कारण कायदा कमी पडत नसतो, बजावणीचा कागद सापडत नसतो. गावाबाहेरच्यांना बिल पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडे पाठवा, सोबत क्यूआर कोड. माझा अंदाज आहे, की यातल्या बऱ्याच जणांकडे आजवर कुणी बिलच पाठवलेलं नसेल. हट्टाला पेटलेली आणि वादातली प्रकरणं राष्ट्रीय लोकअदालतीत दाखलपूर्व, म्हणजे खटला दाखल होण्याआधीची, म्हणून ठेवा. न्यायालयाची नोटीस गेली की बरेच लोक तारखेच्या आधीच येऊन भरतात. शिवाय वाईटपणा तुमच्या एकटीच्या नावावर राहत नाही.

यादीच्या तळाला असलेल्या विधवा, भूमिहीन, आजारपणात पिचलेल्या घरांना हप्ते पाडून द्या. घरकुलाच्या किंवा जन्म-मृत्यूच्या कागदासाठी कुणालाही घरपट्टीवरून अडवू नका. शहरांत थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायची टूम निघाली होती. गावात असलं काही करू नका. तीन हजार वस्तीत झालेला अपमान तुमच्या कार्यकाळापेक्षा जास्त टिकतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो : थकबाकीवर सरसकट सूट जाहीर करायचा मोह टाळा. थकबाकीदारांना सूट देणाऱ्या शहरांच्या अभय योजनांनी लोकांना हेच शिकवलं, की वेळेवर भरणारा मूर्ख आणि थांबणारा शहाणा. शासनानेच एखाद्या वर्षी सवलत दिली तर ती राबवावी लागेल, ठीक आहे. पण तुमच्या हातात आहे ते वेळेत भरणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीचा गाजावाजा करणं. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत दवंडी द्या, मार्चमध्ये नको. मार्चमध्ये माणसाच्या खिशात काही नसतं.

आकारणीही एकदा तपासा. डिसेंबर २०१५ च्या सुधारणेपासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी अपेक्षित आहे. गावात तुम्ही शेवटची केव्हा केलीत? स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि नमुना ८ (कर आकारणीची नोंदवही) मधलं क्षेत्र शेजारी ठेवून बघा. मातीचं घर म्हणून नोंद असलेल्या जागी दुमजली स्लॅब उभा असल्याचं पाच-दहा ठिकाणी तरी दिसेल. कुणाचाही दर न वाढवता मागणी वाढते ती अशी.

आता तुमच्या पत्रातल्या पाणी सोडणाऱ्या माणसाकडे येतो. तुम्ही त्याच्यासाठी एकच ओळ लिहिलीत, पण सगळं प्रकरण तिथेच आहे. १५ व्या आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच बांधलेला होता, निम्मा पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. टाकी बांधायला पैसे आहेत, टाकीचा कॉक फिरवणाऱ्याला नाहीत. त्याच्या किमान वेतनात शासन जो हिस्सा देतं, तोही करवसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेला. ही अट काढा म्हणून कर्मचारी संघटना वर्षानुवर्षं मोर्चे काढत आल्यात. म्हणजे मंगल कार्यालयवाल्याने घरपट्टी बुडवली की त्याचा दंड नळकोंडाळ्यावर काम करणारा माणूस भरतो. दिव्यांगांसाठीचा ५ टक्के, महिला-बालकल्याणाचा १० टक्के, मागासवर्गीयांचा १५ टक्के खर्चही स्वउत्पन्नावर काढला जातो. ढोबळ हिशेब करा : तीन लाखांवर दिव्यांगांच्या वाट्याला पंधरा हजार, सहा लाखांवर तीस. उपसरपंच ज्याला "चार-दोन लाख" म्हणतात, त्यात हे बसलेलं आहे.

शिवाय निधी हक्काचा असला तरी वेळेचा नाही. हप्ते लांबतात. निवडणुका रखडून प्रशासक बसले तिथे तो अडला, कारण लोकनियुक्त मंडळ असणं ही त्याची अट आहे. २०२१ मध्ये शासनाने पथदिव्यांची आणि पाणीपुरवठ्याची थकलेली वीजबिलं याच निधीतून भागवायला सांगितलं, तेव्हा विकासाचा पैसा बिलात जातो म्हणून सरपंचांनी ओरड केली. ओरड खोटी नव्हती. पण दिवाबत्ती कर कशासाठी असतो, हे त्या गडबडीत कुणी विचारलं नाही.

लोकांच्या बाजूनेही बघा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचं तुम्ही ऐकलं असेल. भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना तिथे कर पूर्ण भरणाऱ्या कुटुंबाला ग्रामपंचायतीच्या गिरणीत दळण मोफत, अशी योजना चालली. अनेक गावांनी तिची नक्कल केली. पण गिरणीला एकदाच वाटायचं बक्षीस समजून चालत नाही. दळणाचं बळ ते पुन्हा पुन्हा लागतं यात आहे : डबा घेऊन बाई गिरणीत येते तेव्हा दर खेपेला तिला कळतं की घरपट्टीचं हे मिळतंय. तुमच्याकडे गिरणी नसेल तर नसू द्या. पाणी दिवसाआड येतं ते वेळेवर सोडता आलं तरी पुष्कळ. वसुलीच्या पहिल्या लाखातून त्या कर्मचाऱ्याचा थकलेला पगार काढा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर तसं लिहा : अमुक महिन्याच्या घरपट्टीतून पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पगार दिला. पुढच्या महिन्यात पुढची ओळ. जमाखर्चाचा तक्ता कुणी वाचत नाही, ही ओळ वाचतील.

तुमच्यासारख्या स्थितीतले आणखी कुणी हे वाचत असतील, नगरपंचायतीचे असोत की ग्रामपंचायतीचे, त्यांनी आपल्या यादीचं वरचं पान आधी बघावं, नोटिसांचा विचार नंतर. शहरांचं दुखणं याहून वेगळं आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून महानगरपालिका राज्याच्या जीएसटी भरपाईवर आहेत. तिथे स्वतःचा कर म्हणून हातात उरला तो मुख्यतः मालमत्ता करच. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

राहिला तुमचा थेट प्रश्न. हो, नोटिसा काढा. पण सरसकट गावाला नको. क्रम असा ठेवा : या महिन्यात यादी आणि सगळ्यांना बिलं, पुढच्या मासिक सभेत सदस्यांच्या पावत्या इतिवृत्तात नोंदवून घ्या, त्यानंतर वरच्या पानावरच्या नावांना मागणीची नोटीस. जप्तीच्या वॉरंटचा ठराव सभेत येईल तेव्हा सूचक म्हणून उपसरपंचांचं नाव घालायचा प्रयत्न करा. ते नाही म्हणाले तर तेही इतिवृत्तात येऊ द्या आणि ठराव दुसऱ्या सदस्याकडून मांडून घ्या.